मदत हवी आहे: आईला झोपेसाठी मेलाटोनिन द्यावे का?

नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यात राहतो. माझ्या 68 वर्षांच्या आईला गेले तीन महिने रात्री दोनपर्यंत झोप लागत नाही, म्हणून बेळगावातील एका औषध दुकानदाराने मेलाटोनिनच्या 3 मिलिग्रॅमच्या गोळ्या सुचविल्या आहेत. अंधार पडल्यावर मेंदूतील पिनियल ग्रंथी हे संप्रेरक स्रवते आणि शरीराला रात्र झाल्याची खूण मिळते, हे मला समजले. परंतु आई रक्त पातळ ठेवणारी वॉर्फरिनची गोळी घेते, आणि दोन्ही एकत्र घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो, हीच माझी खरी काळजी आहे. सोमवारी डॉक्टरांना भेटेपर्यंत आम्ही गोळी सुरू करणार नाही. ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांनी वॉर्फरिन चालू असताना मेलाटोनिन घेतले असेल, त्यांनी डॉक्टरांनी कोणत्या तपासण्या सांगितल्या आणि सकाळी सुस्ती राहिली का, हे कृपया कळवावे.