मदत हवी आहे : माझे इंग्रजी शुद्ध असते, पण सुबोध नसते

नमस्कार,

सोलापुरात टेरी टॉवेल कसा विणला जातो, याची इंग्रजी माहितीपुस्तिका मी लिहीत आहे. ती बाहेरच्या घाऊक खरेदीदारांसाठी आहे आणि त्यांतील बहुतेकांनी यंत्रमाग जवळून पाहिलेला नसणार. मसुदा वाचणाऱ्यांना व्याकरणाची चूक सापडत नाही. मात्र वाक्ये दोनदा वाचावी लागतात, अशी सर्वांचीच तक्रार आहे.

उदाहरणादाखल लूपचा, म्हणजे टॉवेलवर उभ्या राहणाऱ्या धाग्याच्या वेटोळ्यांचा, परिच्छेद घेतो. टेरी टॉवेलला उभ्या धाग्यांचे दोन बीम (धागे गुंडाळलेले रूळ) लागतात. ग्राउंडचा, म्हणजे पायाच्या कापडाचा, ताणा (उभे धागे) घट्ट असतो; पाइलचा, म्हणजे लूप होणाऱ्या धाग्यांचा, सैल. नेहमीच्या विणीत फणी (आडवे धागे ठोकून बसवणारा मागाचा कंगव्यासारखा भाग, इंग्रजीत ‘रीड’) पहिले दोन आडवे धागे कापडापासून थोड्या अंतरावरच ठेवते आणि तिसरा धागा आला की तिन्ही एकदम ठोकून बसवते. त्या ठोक्यासरशी पाइलचे धागे पुढे ओढले जाऊन वर उचलले जातात आणि लूप तयार होतात. मराठीत हे सहज सांगता येते. इंग्रजीत मात्र माझ्या हातून असे वाक्य उतरले : ‘द फॉर्मेशन ऑफ लूप्स टेक्स प्लेस ड्यू टू द डिफरन्स इन द टेन्शन ऑफ द टू वार्प्स ॲट द टाइम ऑफ बीटिंग ऑफ द थर्ड पिक.’ (‘वार्प’ म्हणजे ताणा, ‘पिक’ म्हणजे आडवा धागा.) या वाक्यात ‘ऑफ’ची रांग लागली आहे आणि मागावरची सगळी हालचाल नामांमध्ये अडकून पडली आहे. नंतर मी ते असे केले : ‘व्हेन द रीड बीट्स अप द थर्ड पिक, द ग्राउंड वार्प स्टेज टाइट, बट द स्लॅक पाइल वार्प इज पुश्ड फॉरवर्ड अँड राइजेस इन लूप्स.’ आता कोण काय करते ते दिसते, असे मला वाटते.

या दुरुस्तीतही ‘इज पुश्ड’ राहिले आहे आणि माझी पहिली शंका तिथेच आहे. संगणकावरील व्याकरणतपासनीस प्रत्येक कर्मणी प्रयोगाखाली रेघ ओढतो. परंतु परिच्छेद सुताविषयी असेल, तर ते रंगवणाऱ्या कामगाराला केवळ कर्तरी प्रयोगासाठी वाक्यात आणून बसवणे मला कृत्रिम वाटते. कर्मणी कोठे ठेवावा आणि कोठे मोडावा, हे संपादनाचा अनुभव असलेले लोक कशावरून ठरवतात?

दुसरी शंका अधिक अवघड आहे. मराठीत ‘सूत रंगवून, वाळवून, बीमवर गुंडाळून मागावर चढवतात’ असे एका दमात लिहिता येते आणि क्रियापद शेवटी आले तरी वाचक थांबून राहतो. इंग्रजीत हीच साखळी ठेवली की वाक्य लांबते, आणि तोडली की प्राथमिक शाळेच्या पाठासारखी ठोकळेबाज वाक्ये होतात. वाचकाला आधीच ठाऊक असलेले वाक्याच्या आरंभी आणि नवे शेवटी ठेवावे, हे तत्त्व मला पटते. पण तसे केल्यावर ओळीने पाच वाक्ये ‘द यार्न’नेच सुरू होतात. ही पुनरावृत्ती सुबोधतेसाठी चालवून घ्यावी, की अर्थ न बिघडवता टाळण्याची काही रीत आहे?

‘भरपूर इंग्रजी वाचा’ हा सल्ला योग्यच आहे आणि वाचन चालूही आहे. मला हवी आहे ती लिहून झालेला मसुदा तपासण्याची पद्धत : आपण पहिल्या वाचनात काय पाहता, दुसऱ्यात काय, आणि मोठ्याने वाचून काही हाती लागते का? कोणी वरचे दुरुस्त वाक्य आणखी सुधारून दाखवले तर विशेष उपयोग होईल. पुढचा सुताच्या रंगाईचा परिच्छेद हवा असल्यास तोही येथे देतो.