गावच्या घराची ओली भिंत: गणपतीआधी रंग देऊ की वॉलपेपर लावू?

चाकरमानी_डोंबिवली:

कुडाळजवळ आमचं आजोबांनी बांधलेलं जांभ्याचं घर आहे. 2011 साली वडिलांनी आतला जुना चुन्याचा गिलावा पाडून सिमेंटचा केला आणि वर प्लास्टिक इमल्शन मारलं. तेव्हापासून गणपतीच्या भिंतीला कमरेपर्यंत पोपडे सुटतात. दर मे महिन्यात मी खरवडून लांबी (पुट्टी) भरतो, प्रायमर आणि रंगाचे दोन हात देतो. तरी दरवर्षी चतुर्थीला पापुद्रे आरतीच्या ताटात पडतातच.

बायकोचं म्हणणं, यंदा वॉलपेपर लाव आणि सुटका कर. भिंत 12 फूट रुंद, साडेनऊ फूट उंच आहे. एक रोल 57 चौरस फुटांचा, त्यामुळे दोन पुरतील असं दुकानदार सांगतो.

दुसरं दुखणं देवघराच्या सागवानी दाराचं. मागच्या जुलैत मीच त्यावर वार्निश मारलं, ते अजून चिकट आहे. हात लावला की बोटांचे ठसे उठतात. चतुर्थीच्या आठ दिवस आधी गावी पोचतोय. तेवढ्यात काय होईल?

सातबारा:

आतून इपॉक्सीचा वॉटरप्रूफ कोट मारून घ्या. आमच्याकडे मारला, दोन वर्षं भिंत खणखणीत आहे.

ब्रश_नंबर_चार:

सातबारा, तिसऱ्या वर्षी इपॉक्सीच्या वरच्या कडेला पांढरी रेघ दिसते का बघा आणि इथे कळवा. पाण्याची एक वाट बुजवली की ते वर चढतं. मी तीस वर्षं सावंतवाडीच्या आसपास घरं रंगवतोय, त्याआधी वडिलांच्या हाताखाली डबे धरले. ते काम बघायला गेले की भिंतीला हात लावायच्या आधी घराला बाहेरून एक फेरी मारायचे. म्हणायचे, "आधी पाणी खयसून येता ता बघ." म्हणजे पाणी कुठून येतं ते बघ.

चाकरमानी दादा, तुमचा रंग वाईट नाही, लांबीही वाईट नाही. जांभा सच्छिद्र दगड, जमिनीतलं पाणी वर ओढतो. जुन्या चुन्याच्या गिलाव्यातून ते भिंतभर वाळून जायचं, कोणाच्या लक्षातही यायचं नाही. आता वर सिमेंट आणि त्यावर प्लास्टिकचा पापुद्रा. पाणी त्याच्यामागे अडकतं, सोबत आणलेला खार (क्षार) तिथेच साठतो आणि फुगून रंगाला ढकलतो. पोपड्यामागे पांढरी पूड दिसते ना, तोच हा खार. तुम्ही दर मे महिन्यात त्याच्यावर नवं झाकण बसवताय.

आता आठ दिवसांचं बोलू. इमल्शन आणू नका. सुटलेला रंग पत्र्याने खरवडा, अगदी गिलाव्यापर्यंत, कारण प्लास्टिकवर चुना धरत नाही. खार कोरड्या ब्रशने झाडून सुपलीत भरा आणि बाहेर टाका. भिंत धुऊ नका. धुतली की खार विरघळून परत आत जातो, हे मी फुकट धुलाई करून शिकलो आहे.

मग चुना. कळीचा चुना भिजवणार असाल तर पाण्यात चुना टाका, चुन्यावर पाणी ओतू नका. तो उकळतो, उडतो. डोळ्यांना चष्मा हवा, भांडं लोखंडी हवं आणि पोरं लांब हवीत. रात्रभर मुरू द्या, गाळा, दुधाइतका पातळ करा. भिजवलेला डिंक थोडा आणि नीळ चिमूटभर. ओला असताना चुना भिंतीवर दिसतच नाही, म्हणून माणूस घाबरून जाड थापतो आणि मग तो सालीसारखा सुटतो. पातळ तीन हात द्या, प्रत्येकानंतर एक दिवस थांबा. भिंत जराशी ओलसर असली तर चुन्याला बरंच. त्यावर गणपतीचं चित्र रंगवा, आपल्याकडची रीतच आहे. टेकून बसणाऱ्याच्या सदऱ्याला पांढरं लागेल, तेवढं पाहुण्यांना सांगून ठेवा.

वॉलपेपर या भिंतीला नको. गोंद ओला राहील, मागे काळी बुरशी धरेल आणि कसर लागेल ती वेगळी. डोंबिवलीच्या कोरड्या भिंतीला हौसेने लावा, पण दुकानदाराचं गणित तिथेही चालणार नाही. रोल 53 सेंटीमीटर रुंद, 10 मीटर लांब असतो. तुमच्या उंचीला वर-खाली कापायला चार इंच धरले तर एका रोलमधून तीनच पट्ट्या निघतात, उरलेला तुकडा वाया. 12 फुटांना पट्ट्या लागतात सात. म्हणजे तीन रोल, आणि तिन्हींवर बॅच नंबर एकच बघून घ्या, नाहीतर जोडावर छटा वेगळी दिसते.

मला एक सांगा, 2011 साली खळ्याचंही, म्हणजे घरापुढच्या अंगणाचंही, काम केलं होतं का?

मुग्धा_ताई:

भिंतीतलं पाणी की हवेतला दमटपणा, याची एक साधी परीक्षा मला आमच्या गवंड्याने सांगितली होती. फूटभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीवर चिकटवायचं आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. भिंतीकडच्या बाजूला थेंब असले तर पाणी भिंतीतलं.

आणि दादा, जुन्या खिडक्यांचा ऑइल पेंट कोरडा घासू नका. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगात किती असेल सांगता येत नाही. घासकागद ओला करून घासा, पूड ओल्या फडक्याने टिपा. घरात लहान मूल असेल तर हे मुद्दाम पाळा.

ब्रश_नंबर_चार:

ताई बरोबर सांगतात. फक्त श्रावणात आमच्याकडे प्लास्टिकच्या दोन्ही बाजूंना थेंब येतात, म्हणून ती परीक्षा मार्चमध्ये करा.

दाराचं राहिलंच. सागात मुळातच तेल असतं. त्यावर आधी कोणी जवसाचं तेल चोळलेलं असेल आणि तुम्ही भर जुलैत जाड हात मारला असेल, तर ते वाळणार कसं? आता वर काही चढवू नका, स्पिरिट पॉलिश तर मुळीच नको. या हवेत त्यातल्या लाखेवर पांढरा ढग उतरतो. गणपतीपुरतं तोरण, पडदा, काय ते लावा. फेब्रुवारीत सगळं खरवडा, 120 नंबरच्या घासकागदाने आणि मग 180 ने लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा, थिनरच्या फडक्याने पुसा आणि लगेच पहिला हात पातळ करून द्या. पुढचा हात दुसऱ्या दिवशी, मधे 320 चा हलका घास.

तेलाची फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. आपोआप तापतात आणि पेट घेतात. माझी बादली एकदा जेवणाच्या वेळी धुमसली होती, बायको अजून ऐकवते. दोरीवर सुटी पसरून वाळवा, मग टाका.

चाकरमानी_डोंबिवली:

ब्रशकाका, तुम्ही खळ्याचं विचारलंत आणि मी फोन करून आईला विचारलं. त्याच वर्षी खळं सिमेंटचं केलं, आणि सारवायचा त्रास नको म्हणून वीतभर उंचही केलं. आता बाहेरची जमीन आतल्या जमिनीच्या बरोबरीला आली आहे. वळचणीचं पाणी सरळ भिंतीच्या पायाशी पडतं. पंधरा वर्षं मी रंगाच्या कंपनीला दोष देत होतो.

ब्रश_नंबर_चार:

मग सापडलं. पाऊस गेला की भिंतीलगतची दोन फुटांची पट्टी फोडा, जोतं वीतभर तरी उघडं होऊ दे, उतार बाहेरच्या बाजूला द्या आणि वळचणीला पन्हळ लावा. डागाच्या वर फूटभरापर्यंत आतला सिमेंटचा गिलावा पाडा आणि अख्खा उन्हाळा भिंत तशीच उघडी ठेवा. कुरूप दिसेल, सहन करा. त्यानंतर चुन्याचा गिलावा. तो करणारा गवंडी आत्तापासून शोधा, हल्ली सगळे सिमेंटवालेच आहेत.

आणि चुना गाळायला आजोबांचं जुनं धोतर घ्या. आईची रंगीत साडी घेतलीत तर भिंत गुलाबी होईल आणि साडीचं तुम्हीच आईला सांगा.