अनुभव सांगा: घरातलं फर्निचर रोजच्या कामाचं निघालं का?

सांगलीच्या विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटचं काम दिवाळीआधी उरकायचंय. मिस्त्री रोज मोबाइलवर फोटो दाखवतात: काचेची कपाटं, टीव्हीमागे संगमरवरी नक्षीचं पॅनेल, ओट्याखाली चकचकीत ट्रॉल्या. त्यात परात कुठेच दिसत नाही, पाण्याचं पिंप दिसत नाही, ज्वारीची कोठी तर नाहीच नाही. म्हणून सातारा-सांगलीकडच्या मंडळींना विचारतोय. घर केलंत, त्यात काही वर्षं राहिलात, तर आता खरोखर काय वापरता आणि कशावरची नुसती धूळ पुसता? रेट नकोत, ते बदलतात. घरात माणसं किती आणि ऊन-पाऊस कुठून येतो, हे मात्र लिहा. आमच्याकडे आम्ही दोघं, आई आणि आठवीतली मुलगी. एक बेडरूम पश्चिमेला.

गावभाग, सांगली (तळमजला)

दादा, तुमच्याकडे उन्हाची चिंता, आमच्याकडे पाण्याची. 2005, 2019, 2021, तिन्ही वेळा पाणी घरात. 2019 च्या ऑगस्टात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी 57 फुटांच्या वर गेली होती, आणि धोक्याची पातळी आहे 45. पाणी उतरल्यावर आत गेलो तर एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, दारं चहात पडलेल्या बिस्किटासारखी झालेली. एक कपाट आयएस 710 मानकाच्या, पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं होतं. त्याचे थर सुटले नाहीत, पण सनमायका कडेने उचलली, बिजागऱ्या गंजल्या आणि ड्रॉवरच्या चॅनेलमध्ये गाळ असा बसला की ड्रॉवर तोडूनच काढावे लागले. प्लाय टिकतो हो, त्याला लावलेलं बाकीचं टिकत नाही. हे दुकानात कुणी सांगत नाही.

आता खालच्या मजल्यावर प्लाय नाहीच. ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे, त्यांना अ‍ॅल्युमिनियमची दारं. बिजागरीची पिन ओढली की दार हातात येतं, नळाखाली धुवायचं आणि परत लावायचं. प्लग पॉइंट छातीच्या उंचीला. तळमजल्याचं वायरिंग वेगळ्या एमसीबीवर (बोर्डातल्या सेफ्टी स्विचवर), म्हणजे खालचं बंद करून वर दिवे चालू राहतात. भिंतींना चार फूट टाइल. बसायला लोखंडी दिवाण. कपाटं दोन माणसांना उचलतील एवढीच, मोठं एकही नाही. पातळी 40 फुटांवर गेली, म्हणजे इशाऱ्याची, की गाद्या, मिक्सर, कागदपत्रं वर न्यायला सुरुवात. जिना नव्याने बांधला तेव्हा फ्रिजचं माप घेऊन वळण ठरवलं. पाहुणे म्हणतात, गोडाऊन वाटतंय. वाटू दे.

शाहूपुरी, सातारा

आमच्याकडे पूर नाही, पण जून ते सप्टेंबर ओल असते. पावसाचा मारा पश्चिमेकडून, आणि त्याच भिंतीला आधीच्या मालकांनी छतापर्यंत वॉर्डरोब करून ठेवलेला. पहिल्याच पावसाळ्यात पैठणीवर पांढरी बुरशी! भिंत बाहेरून कितीही वॉटरप्रूफ केली तरी कपाटामागे हवा खेळत नाही, तिथे भिंत गार राहते आणि दमट हवेतलं पाणी तिच्यावर धरतं. तो वॉर्डरोब काढून आतल्या भिंतीला नेला, मागे दोन इंच जागा सोडली आणि दारांना खालीवर जाळीच्या पट्ट्या बसवल्या. डांबराच्या गोळ्यांनी कीड जाते, ओल जात नाही.

दुसरी गोष्ट कपडे वाळवण्याची. कुठल्याच फोटोत ओला टॉवेल नसतो. आम्ही पॅसेजच्या छताला दोरी-पुलीचं स्टँड बसवलं आणि भिंतीला एक पंखा लावला. रात्री दांड्या खाली ओढून कपडे वाळत घालायचे, वर चढवायचे, पंखा सुरू. सकाळपर्यंत मुलांचे गणवेश वाळतात. अख्ख्या घरात माझ्या सर्वांत कामाची वस्तू हीच. हॉलमधलं शोकेस दुसऱ्या क्रमांकावरसुद्धा नाही.

विश्रामबाग, सांगली

शाहूपुरीच्या ताईंचं साताऱ्यापुरतं पटलं, पण आपल्याकडे मी बरोबर उलटं सांगेन. एप्रिल-मे मध्ये दुपारी तापलेली पश्चिमेची भिंत रात्री दहालासुद्धा हाताला गरम लागते. आम्ही वॉर्डरोब मुद्दाम त्याच भिंतीला घेतला. कपडे आणि मधली हवा ऊन अडवतात, पलंग आतल्या भिंतीला. मात्र त्या भिंतीत बाथरूमची पाइप किंवा बाहेरून चीर नाही ना, हे आधी पाहून घ्या. नाहीतर ऊनही घ्याल आणि ओलही.

कुपवाड, सांगली

घरात सहा माणसं, दोन्ही वेळा भाकरी. ट्रॉलीवाल्यांनी ओटा 34 इंचांचा आखला होता, सगळीकडे तोच चालतो म्हणे. भाजी चिरायला, गॅसवर ढवळायला ठीक आहे. पण भाकरीचं पीठ मळताना तळव्याच्या मुळाने जोर द्यावा लागतो, तो जोर खांद्यातून खाली यायला हवा. उंच ओट्यावर माणूस टाचा उचलतो. सासूबाईंनी मिस्त्रींसमोर खुर्च्यांवर फळी टाकली, परात ठेवली आणि थापून दाखवली. मग ओट्याचा खिडकीकडचा तुकडा 29 इंचांवर घेतला. घरात भाकरी करायला येणारं प्रत्येक माणूस आपोआप तिकडेच वळतं.

कोठ्यांसाठी ट्रॉली करू नका. वर्षाची ज्वारी-गहू भरणारं घर असेल तर ओट्याशेजारी दाराएवढी उघडी जागा सोडा, खाली कडप्पा, पुढे पडदा. कोठी सरकवता आली पाहिजे, मागून झाडता आलं पाहिजे. उन्हाळ्यात केलेल्या चटणीच्या बरण्यांना मात्र बंद कपाट हवं, उजेडात तिचा रंग उतरतो. आणि घरघंटी घेणार असाल तर 16 अँपिअरचा पॉइंट आताच काढून ठेवा.

मिरज

सगळे साधेपणाचं सांगताहेत म्हणून मी उलटं लिहितो. मला पीओपीचं छत आवडतं, मी केलं, आणि वापरतो. दिवसभर दुकानात ट्यूबलाइटखाली बसतो. रात्री घरी आल्यावर डोक्यावर पांढरा झोत नको वाटतो. कडेने पिवळसर दिवे, सगळे एका बटणावर. फक्त गच्चीखालच्या खोलीत करू नका, गळती छताच्या वर साठते आणि खाली डाग दिसेपर्यंत कळत नाही.

सदर बझार, सातारा

वडील फौजेतून निवृत्त, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आम्ही खर्च हॉलवर कमी आणि बाथरूमवर जास्त केला. आधाराचा दांडा टाइलवर नुसत्या स्क्रूने लावायचा नसतो, तो विटेत किंवा काँक्रीटमध्ये अँकरने धरला पाहिजे. म्हणून टाइल बसायच्या आधी वडिलांना कमोडपाशी उभं करून भिंतीवर खडूने खूण केली. दार बाहेर उघडणारं केलं, आत माणूस पडला तर त्याच्या अंगामुळे दार अडत नाही. पलंगापाशी टू-वे स्विच, पायाकडे छोटा दिवा. त्यांची काळी लोखंडी ट्रंक कुठल्याच डिझाइनमध्ये बसेना. तिला चाकं लावून खिडकीखाली ठेवली, वर गादी टाकली. पेपर तिथेच वाचतात आणि आम्हाला कुणालाही तिथे बसू देत नाहीत.

भाड्याच्या घरातून, सांगली

बँकेची नोकरी, दर तीन-चार वर्षांनी बदली. नटबोल्टची लोखंडी रॅकं, त्यांना सुती पडदे, घडीचं टेबल. मालक खिळा ठोकू देत नाहीत. वस्तू घेताना एकच बघतो: सुटी करून छोट्या टेम्पोत मावते का.

विश्रामबाग (धागा काढणारा)

कुपवाडच्या वहिनी, आईने तुमचं वाचून लगेच विचारलं: 29 इंच तुमच्या सासूबाईंच्या उंचीला झाले, माझ्या उंचीला किती? ती पावणेपाच फूट.

कुपवाड, सांगली

आकडा माझा घेऊच नका. त्यांना चप्पल घालून उभं करा, घरात घालत असतील तर, आणि कोपर काटकोनात वाकवून जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा. भाकरीचा ओटा त्याच्या सहा-सात इंच खाली बसतो. परातीची उंची त्यातच धरा, आणि फरशीवर अजून टाइल चढणार असेल तर तेवढी जाडी मिस्त्रींना आधी सांगा. ते हमखास जुन्या फरशीवरून मोजतात.