बाँडवरचे रो-हाऊस घ्यावे, की रखडलेल्या इमारतीतील सदनिका?

माजलगावकर:
नमस्कार. मी आणि माझी पत्नी दोघेही शिक्षक असून गेली सहा वर्षे छत्रपती संभाजीनगरमध्ये दरमहा ९,००० रुपये भाड्याने राहतो. जवळ ११ लाख रुपये साठले आहेत आणि २५ लाखांपर्यंत कर्ज मिळेल, असे बँकेने सांगितले आहे. शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात मोठे उद्योग येणार म्हटल्यापासून आज पाहिलेले घर महिनाभराने विचारावे, तर लाख-दोन लाखांनी महागलेले असते. मात्र त्याच नव्या वसाहतींतून रात्री फेरफटका मारला, तर निम्म्या खिडक्यांत दिवा दिसत नाही. ही मागणी राहणाऱ्यांची आहे की गुंतवणूकदारांची, हेच आम्हाला समजेनासे झाले आहे.

सध्या दोन घरे नजरेत आहेत. पहिले म्हणजे वीस बाय तीसच्या प्लॉटवरील तयार रो-हाऊस, किंमत २४ लाख. व्यवहार नोंदणी न करता नुसत्या बाँडपेपरवर होणार असून ‘सगळी गल्ली अशीच घेतलेली आहे, पुढे गुंठेवारी होऊन जाईल’ (म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने विनापरवाना पाडलेल्या प्लॉटांवरची घरे नियमित होतील) असे मालक म्हणतात. दुसरी म्हणजे चौथ्या स्लॅबनंतर दीड वर्ष काम थांबलेल्या इमारतीतील दोन बेडरूमची सदनिका, किंमत ३६ लाख. आत्ताच ८ लाख दिले, त्यातले काही रोखीने, तर ३ लाख कमी करण्याची बिल्डरची तयारी आहे. दिवाळीच्या आत निर्णय घ्या, असा दलालाचा तगादा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_कर्जविभाग:
सर, मी तीस वर्षे बँकेत गृहकर्जाची प्रकरणे तपासली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. रो-हाऊसच्या कागदांवर बँक कर्ज देते का, हे आधी विचारा. नाही म्हणाली, तर त्याचे कारण लेखी नाही तरी तोंडी अवश्य घ्या, कारण त्या नकारात जेवढी माहिती असते तेवढी दलालाच्या सहा भेटींत मिळत नाही. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखताशिवाय होत नाही, हे कायद्यात फार पूर्वीपासून आहे; आणि मुखत्यारपत्र, करारनामा यांच्या आधारे झालेल्या व्यवहारातून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. बाँड कितीही जणांच्या साक्षीने झाला, तरी उद्या मूळ मालकाच्या मुलाने हक्क सांगितला, तर तुमच्या हातात फक्त पैसे दिल्याचा पुरावा राहतो.

गुंठेवारीविषयी: २००१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना नियमितीकरणाची सोय झाली. त्यामुळे ते घर केव्हा बांधले, याचा पुरावा (जुने वीजबिल, मालमत्ता कराची पावती) मागा. ‘होऊन जाईल’ हे उत्तर स्वीकारू नका. मालकाने स्वतः प्रशमन शुल्क (नियमितीकरणासाठीची दंडाची रक्कम) भरून प्रमाणपत्र आणावे आणि मग तुम्ही इसार द्यावा, हाच क्रम ठेवा.

याहून महत्त्वाची गोष्ट मराठवाड्याच्या बाहेरचे सल्लागार सहसा सांगत नाहीत. आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे इथल्या पुष्कळ जमिनींच्या मुळाशी इनाम असते. १९५४ च्या हैदराबाद इनाम निर्मूलन कायद्याने बरीच इनामे गेली, तरी देवस्थान, मशीद, दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनी वेगळ्याच राहिल्या आणि त्या परवानगीविना विकता येत नाहीत. शिवाय हैदराबादच्या १९५० च्या कूळ कायद्यातून कुळांकडे आलेल्या जमिनींवरही हस्तांतरणाच्या अटी असत. म्हणून सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ (परवानगीविना विकता न येणारी जमीन) आहे का आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात काय लिहिले आहे, ते पाहा. तेवढ्यावर न थांबता जुने फेरफार (मालकी बदलाच्या नोंदी) आणि शक्य असेल तर खासरा पत्रक (जमिनीच्या नोंदींचा जुना कागद) काढा. ते उर्दूत निघाले, तर वाचून देणारी जाणती माणसे तहसीलच्या आवारात अजून भेटतात. वकिलाकडून किमान तीस वर्षांच्या मालकी-व्यवहारांचा सर्च रिपोर्ट घ्या, आणि तो वकील तुमचा असावा, दलालाने आणलेला नसावा.

गोदाकाठची:
दादा, मी नांदेडची. दुसऱ्या घराबद्दल लिहिते, कारण त्या वाटेने मी गेले आहे. आम्ही २०१८ मध्ये अशाच बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतले. ताबा अडीच वर्षांत मिळणार होता, तो प्रत्यक्षात कधीच मिळाला नाही. तुम्हाला मागितलेली रक्कमच बघा: सवलत धरून किंमत ३३ लाख होते आणि ८ लाख म्हणजे तिच्या जवळजवळ चौथा हिस्सा. बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या रेरा कायद्यानुसार विक्री करारनामा नोंदवल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेताच येत नाही. जो बिल्डर पहिल्याच बैठकीत ही मर्यादा ओलांडतो, त्याचे काम पैशांअभावी थांबलेले असण्याची शक्यता अधिक. रोखीचे तर नावच काढू नका. स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास आयकर कायद्यात मनाई आहे आणि वाद झाला, तर ती रक्कम तुम्ही दिली होती हेच सिद्ध करता येत नाही.

महारेराच्या (या कायद्याखालील राज्याच्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा क्रमांक टाकून ताबा देण्याची तारीख किती वेळा पुढे गेली, किती सदनिका विकल्या गेल्या आणि जमिनीवर कोणाचा बोजा आहे, ते पाहा. ग्राहकांकडून आलेल्या रकमेतील सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवून त्याच प्रकल्पावर खर्च करायचे असतात, हे खरे. पण काम थांबलेलेच असेल, तर त्या नियमाचा तुम्हाला उपयोग कितपत, हे मी अनुभवाने सांगते. मी पैसे व्याजासह परत मागितले, आदेश माझ्या बाजूने झाला, आणि वसुलीचा दाखला जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन बसला. या सगळ्या काळात घरभाडे आणि हप्ता असे दोन्ही आम्ही भरत होतो. आमचे सासरे त्याला ‘दोन नांगर, एक बैल’ म्हणत असत.

सिडकोवासी:
वरील दोन्ही उत्तरे योग्य आहेत, तरी गुंठेवारी म्हटले की घर सोडूनच द्यावे, असा अर्थ कोणी घेऊ नये. माझ्या मावसभावाचे घर नियमित झालेले आहे, त्यावर त्याला कर्जही मिळाले. मी स्वतः सिडकोतील जुने घर घेतले. जमीन भाडेपट्ट्याची असल्याने हस्तांतरण शुल्क भरावे लागले, पण कागद स्वच्छ होते. जुन्या घरात काय गळते ते पावसाळ्यात दिसते, नव्याचे काय गळेल ते कोणीच सांगत नाही.

पाण्याचा मुद्दा सर्वांनी सोडला. जायकवाडी उशाला असूनही आपल्या शहरात नळाला अनेक दिवसांच्या अंतराने पाणी येते. एप्रिल-मे महिन्यांत त्या गल्लीत जाऊन टँकर किती येतात आणि बोअर कोरडा पडतो का, ते शेजाऱ्यांना विचारा. टँकरचा खर्च हप्त्यातच धरा. तो हप्ताही कागदावर मांडा: २५ लाख कर्ज, साडेआठ टक्के, वीस वर्षे, म्हणजे महिन्याला सुमारे २१,७०० रुपये, व्याजदर एक टक्क्याने वाढला, तर २३,३०० रुपये. सध्याच्या भाड्यापेक्षा हा फरक दरमहा बाजूला काढून एक वर्ष जमतो का, ते आधी पाहा. खरेदी पत्नीच्या नावावर केल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तीही विसरू नका.

माजलगावकर:
सर्वांचे मनापासून आभार. काल रो-हाऊसचा गट क्रमांक मिळवून सातबारा काढला. त्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. मालकांना फोन करून विचारले, तेव्हा ‘ते तसे सगळ्यांच्याच कागदावर असते’ असे म्हणून त्यांनी किंमत २२ लाखांवर आणली. बिल्डरला करारनामा नोंदवून दहा टक्केच देऊ, असे कळवले. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही. सिडकोत एक जुने घर विक्रीला आहे असे कळले, ते रविवारी पाहणार आहोत. निवृत्त_कर्जविभाग सर, तिथल्या भाडेपट्ट्याचे हस्तांतरण शुल्क विक्री करणाऱ्याने भरावे की आम्ही, आणि ते करारनाम्यात कोणत्या शब्दांत लिहून घ्यावे, एवढे कृपया सांगा.