सड्यावर राजकीय चित्र काढावं का?

आडवाट
नाक्यावरच्या भिंतीवर काही रंगवलं तर दुसऱ्या दिवशी त्यावर वाढदिवसाचा बॅनर लागतो. कोकणातल्या रिफायनरीच्या वादावर बोलायचं तर जागा एकच, जांभ्याचा सडा, म्हणजे आपलं उघडं कातळपठार. कशेळीच्या कातळशिल्पातला हत्ती साधारण १८ बाय १३ मीटर. त्याच मापाचा, खुर्चीला नांग्या मारून बसलेला खेकडा काढा. ड्रोनमधून अख्खं राज्य बघेल. कागदावर १ सेंटीमीटरला १ मीटर धरायचं, सड्यावर खुंट्या-सुतळीने मीटरभराचे चौकोन आखायचे, आत कळीच्या चुन्याची रेघ. सहा माणसं, एक सकाळ.

कातळखूण
चुना अजिबात नको. जांभा सच्छिद्र. पातळ चुना भोकांत उतरतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तिथंच घट्ट होतो. पावसात रेघ फिकटते, भोकांतला चुना राहतो. तारेच्या ब्रशने घासलात तर दगडाचा वरचा थर सुटतो. त्यात शिल्पांची खोदाई उथळ, कित्येक माती-गवताखाली; खुंटी कशात घुसतेय ते कळणार कसं? २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कशेळी, बारसू, उक्षीची कातळशिल्पं गेलीत. सडा वाचवा म्हणायचं आणि त्यालाच चुना लावायचा, वा!

आडवाट
बरं, खुंटी नको. सुतळी कडेच्या दगडांना ताणू, चुन्याऐवजी पेंढा.

कातळखूण
सड्यावरचा वारा बघितलात का? दुपारपर्यंत खेकड्याच्या नांग्या शेजारच्या वाडीत.

खाडीकाठ
पुळणीवर, समुद्राकाठच्या वाळूवर, काढा की. भरतीची वेळ तिथीच्या पाऊणपट: पौर्णिमेला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे पूर्ण ओहोटी पहाटे पाचला. साडेपाचला सुरू, साडेसातला पुरं. ओल्या वाळूत दाताळ्याने सरी ओढायच्या. कोवळ्या तिरप्या उन्हात सावली पडते तेवढ्यात फोटो. ऊन चढलं की चित्र सपाट दिसतं.

आडवाट
दुपारी आपोआप पुसणारा विरोध कोणत्या पुढाऱ्याला नकोय?

खाडीकाठ
शिमग्यातली सोंगंही होळीनंतर उतरतातच. त्यांनी उडवलेली टर वर्षभर गावात फिरते.

धक्केकरी
जेटीच्या भिंतीचं कोणी सुचवायच्या आधी: खाऱ्या हवेने लोणा, म्हणजे मिठाचा थर, फुटतो, गिलाव्यासकट रंगाचे पापुद्रे पडतात. शिवाय १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा आहे. ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कातळखूण
पुळण चालेल. फक्त वेळास-आंजर्ल्याकडे कासवांच्या हंगामात भरतीरेषेच्या वर दाताळं नको, तिथं घरटी असतात. खाली खेकड्याला हव्या तेवढ्या नांग्या काढा.