भिंतीवरचं विष कुणाला बाधलंय?

कात्रणवाली
कालच्या ‘घर सजवताना काय टाळावं’ या पोस्टमध्ये विषारी वनस्पतींची जुनी चित्रं फ्रेम करून लावणाऱ्यांना ‘विकृत’ म्हटलंय. वर, ‘मुलांच्या डोळ्यांसमोर मरण टांगताय’! माझ्या जिन्यात बेलाडोना, डिजिटॅलिस, बचनाग आणि खुरासनी ओवा ओळीने लटकलेत, तेव्हा उत्तर देणं आलंच.

ही चित्रं भीती घालायला काढलेली नाहीत. १९व्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत निघालेल्या क्योलरच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथातला बेलाडोना बघा. मंद जांभळट घंटेसारखं फूल, चकचकीत काळं फळ आणि खाली तेच फूल उभं चिरून, बी कापून दाखवलेलं. प्रत्येक तुकड्याला नंबर. कशासाठी? औषध करणाऱ्याची ओळखण्यात चूक होऊ नये म्हणून. याच झाडातलं अ‍ॅट्रोपिन आजही डोळ्यांचे डॉक्टर वापरतात. विदरिंग या इंग्रज डॉक्टरने १७८५ मध्ये डिजिटॅलिसवर, म्हणजे हृदयाचं औषध देणाऱ्या झाडावर, पुस्तक लिहिलं, त्यातही झाडाचं रंगीत चित्र आहे. विषाच्या बाटलीवर कवटी चालते, फूल चालत नाही?

दोन_लेकरांची_आई
व्याख्यान झालं? चार वर्षांचं पोर नंबर वाचत नाही हो, ते काळं फळ बघतं. माझ्या भाच्याने गुंजा गिळल्या होत्या. लालभडक, वर काळा ठिपका, कुणालाही तोंडात टाकावीशी वाटेल. रात्रभर दवाखान्यात बसलो. नशीब, चावल्या नव्हत्या. अख्ख्या बाहेर पडेपर्यंत आम्ही मोजत होतो. तुम्ही म्हणे सौंदर्य बघा.

कात्रणवाली
वाईट वाटलं, खरंच. पण गुंजा चित्रातून निघाल्या का?

दोन_लेकरांची_आई
शोभेच्या माळेतून. तेच तर सांगतेय, शोभेच्या नावाखाली घरात काय काय येतं!

कंटाळलेला_बाइंडर
माळ राहू द्या. कात्रणवाली, तुमची चित्रं मूळ आहेत की नव्या प्रती?

कात्रणवाली
तीन मूळ. डाव्या कडेला शिलाईची भोकंसुद्धा आहेत.

कंटाळलेला_बाइंडर
आणि हे अभिमानाने सांगताय! ती भोकं म्हणजे पुस्तक फोडल्याचा पुरावा. एलिझाबेथ ब्लॅकवेल या चित्रकर्तीचा नवरा कर्जापायी तुरुंगात, म्हणून बाईने बागेत जाऊन झाडं समोर ठेवून ५०० चित्रं काढली, स्वतः तांब्यावर कोरली, हाताने रंगवली. १७३७ ते ३९. असली पुस्तकं आज पान-पान करून विकली जातात, कारण फ्रेमला गिऱ्हाईक असतं, ग्रंथाला नसतं. माझ्याकडे एकदा असंच एक आलं होतं बांधणीला. यादीत १२० चित्रं, आत सात. बाकीच्या जागी ब्लेडने कापल्यावर उरलेल्या अर्ध्या बोटाच्या पट्ट्या. मजकुराची पानं एका पिशवीत कोंबलेली. तुमच्या जिन्याखातर हे चालतं, ताई.

वाळवीग्रस्त
माझा जिना नाही, तरी मध्ये पडतो. आमच्या घरातल्या पेटीत असंच एक पुस्तक होतं. वाळवीने मजकूर खाल्ला, अकरा चित्रं वाचली. ती फ्रेम केली तर मी खाटीक झालो का?

कंटाळलेला_बाइंडर
वाळवीला माफ. ब्लेडवाल्याला नाही.

वाळवीग्रस्त
उपकार झाले! आणि बहुतेकांच्या भिंतीवर तर प्रतीच असतात. मी ‘अस्सल’ म्हणून एक कण्हेर घेतली, भिंगाखाली धरली तर सगळीकडे एकसारखे ठिपके. ऑफसेट, म्हणजे आजकालची यंत्रावरची छपाई! विकणारा म्हणतो, भिंग कशाला लावता, लांबून बघा.

आर्सेनिक_आजोबा
एवढं भांडताय, पण हिरव्या रंगाचं कुणीच काढलं नाही. शेले या रसायनशास्त्रज्ञाचा हिरवा रंग १७७५चा, पुढे १८१४मध्ये एमरल्ड ग्रीन हा दुसरा हिरवा आला. दोन्हींत आर्सेनिक. भिंतीचा कागद, पुस्तकांचं कापड, सगळीकडे वापरलं. हाताने रंगवलेल्या जुन्या पानातला हिरवा कुठला, हे बघून सांगता येत नाही. तेव्हा पान काचेमागे ठेवा, रंग खरवडू नका, ओल्या फडक्याने पुसू नका, हाताळलं तर हात धुवा.

दोन_लेकरांची_आई
म्हणजे चित्रसुद्धा विषारी! मी काय म्हणत होते?

कात्रणवाली
तुम्ही फळाबद्दल बोलत होतात. पण घ्या, अर्धा गुण तुमचा. माझी काचेमागे आहेत, कुणी चाटायला जिन्यात येत नाही.

कंटाळलेला_बाइंडर
जिन्यात ऊन येतं?

कात्रणवाली
दुपारी. तासभर.

कंटाळलेला_बाइंडर
छान. काही वर्षांत बेलाडोना फिका पडेल, मग वादच नको. आणि मागचा पुठ्ठा आम्लविरहित आहे का, की तोही साधा?

कात्रणवाली
पुठ्ठा बघते. जागाही बदलते उद्या. पण उन्हासाठी, ‘मरण टांगताय’साठी नाही. हे नीट वाचा सगळ्यांनी.