लेक सुपिरिअरच्या काठाने: तुमचे अनुभव लिहा

अमेरिकेतल्या डुलुथ बंदराहून निघून लेक सुपिरिअर या सरोवराचा किनारा धरून दीपगृहं, बंदरं, बुडालेल्या बोटींच्या आठवणी बघत गेलेले इथे बरेच जण आहेत. कुठे थांबलात, काय मनात राहिलं, सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

डुलुथचा लिफ्ट ब्रिज, बोट आली की वर उचलला जाणारा पूल. आई हर्णैची, तिला तळ्याचं काय कौतुक! धक्क्यावर उभे होतो आणि लोहखनिज न्यायला आलेली हजार फुटी बोट अगदी समोरून आत शिरली. तीन लांब, दोन आखूड भोंगे. पुलानेही तसंच उत्तर दिलं. आईने हात जोडले. म्हणाली, "खारा वास नाही गो, पण दर्याच हा." १९०५ च्या नोव्हेंबरात वादळात 'मटाफा' ही बोट याच बंदराच्या तोंडाशी फुटली, काठावर माणसं बघत असताना ९ खलाशी गेले, हे तिला नंतर सांगितलं.

शिकागोहून
मुलं बरोबर असतील तर सू लॉक्स चुकवू नका, म्हणजे दोन सरोवरांमध्ये बोटी वर-खाली नेणारे पाण्याचे बंदिस्त कप्पे. सुपिरिअर आणि ह्युरॉनच्या पातळीत २१ फुटांचा फरक. पंप नाही, नुसत्या उताराने पाणी भरतं, उतरतं.

मिनिआपोलिसहून
थंडी बोचते, तरी नोव्हेंबरात जा. १० नोव्हेंबर १९७५ ला 'एडमंड फिट्झजेराल्ड' ही ७२९ फुटी बोट २६ हजार टन लोहखनिजासह वादळात बुडाली. २९ जण होते. एकही वाचला नाही, एकही देह हाती आला नाही. दर वर्षी त्या संध्याकाळी स्प्लिट रॉक दीपगृहापाशी २९ नावं वाचतात, नावागणिक घंटेचा टोल. मग तिसावा, या सरोवरांत गेलेल्या सगळ्यांसाठी. आणि १९६९ साली बंद झालेला दिवा पुन्हा पेटतो. माझे बाबा मर्चंट नेव्हीत होते. पावसाळ्यात आई रेडिओवरच्या हवामानाच्या बातम्या संपेपर्यंत जेवायला बसत नसे. तिसाव्या टोलाला तीच डोळ्यांपुढे आली.

डेट्रॉइटहून
वरच्याला जोडून लिहितो. ती बोट व्हाइटफिश पॉइंटपासून साधारण १७ मैलांवर, ५३० फूट खोल आहे. घरच्यांच्या इच्छेवरून १९९५ साली तिची घंटा वर काढली, ती तिथल्या संग्रहालयात ठेवली आहे. तिच्या जागी खाली दुसरी घंटा बसवली, २९ नावं कोरलेली. संग्रहालयातून बाहेर पडलं की लगेच किनारा लागतो. आम्ही अर्धा तास नुसते त्या दिशेला बघत उभे होतो.